सरसाच्या कारखान्यातली खोली

बसा, पण भिंतीला टेकू नका. चिकटाल.

पहिल्या दुपारी मी इथे कॅनव्हास ताणायला आले होते, एवढंच. हा सरसाचा जुना कारखाना. जनावरांची हाडं, खुरं, कातडी शिजवून सरस काढायचे. आजूबाजूला काचेचे टॉवर उठले, चित्रकारांना पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा पालिकेने या खोल्या स्वस्तात दिल्या. चाळीस वर्षं स्वयंपाकाच्या ओट्याच्या कोपऱ्यावर चित्रं काढली मी. बंद करता येईल असं दार पहिल्यांदाच मिळालं.

वास होता. ओल्या कुत्र्याचा, आणि त्याखाली काहीतरी गोडसर... ऊन चढलं की भिंतींना पिवळा घाम फुटे. शेजारच्या खोलीतला शिल्पकार नाकाला फडकं बांधून काम करी.

"मावशी, त्याला हात लावू नका."

"का रे? सरसच आहे. शाळेत नसेन गेले, पण सरस ओळखते."

"बरं, निदान तक्रार करू नका. इमारत धोकादायक ठरवतील. बिल्डर टपलाच आहे."

"तक्रार करायला मला काय वेड लागलंय?"

भिंतीवरचा सरस खरवडला, गरम पाण्यात विरघळवला, खडूची पूड घालून कॅनव्हासला दोन हात दिले. बोटांवर वाळलेला थर सायीसारखा सोलून निघाला. शिसारी आली. तरी त्यावर चित्र काढलं, एका बाईचं.

तिसऱ्या दिवशी कॅनव्हास कोमट लागला. आठव्या दिवशी बाईच्या गालावर केस उगवले. भुरे, राठ...

शिल्पकाराला दाखवलं. तोंड दाबून तो बाहेर पळाला, ओकला. परत येऊन पुटपुटला, "माझ्या पुतळ्यालाही... मीही हाच सरस वापरला. काखेत आलेत."

तेवढ्यात पालिकेची पाहणीवाली मॅडम आली. "काही अडचण, आजी?"

मी चित्रावर चादर टाकली. "छे! झकास आहे." दोघांनीही पुढच्या वर्षाच्या भाडेकरारावर सह्या केल्या. थू आमच्यावर! पण जाणार कुठे?

आता रोज सकाळी मी चित्राची दाढी करते. गेल्या आठवड्यात पातं घसरलं, बाईच्या दंडावर चरा पडला. संध्याकाळपर्यंत त्याने खपली धरली.

आज खपली पडली. खाली गुलाबी कातडी आली आहे, आणि तिच्यावर लस टोचल्याचा गोल व्रण. तुमच्या-माझ्या दंडावर असतो, तसाच.