दोनशे बारा नंबरचा बंब

बंबातला बिघाड ऐकून हाक मारणारी दोषश्रवी पुन्हा बोंबलली, आणि पुन्हा दोनशे बारा नंबरच्याच घरातून.

डॉ. मृण्मयी कुंभोजकरने कपाळावर हात मारला. कोल्हापूरच्या त्या प्रयोगशाळेत भिंतभर, हे यंत्र बसवलेल्या चारशे घरांचे चारशे दिवे होते. तीनशे नव्याण्णव हिरवेगार आणि एक मेला लाल, सलग अकरावा दिवस! संध्याकाळी नगर समिती यायची होती. खोट्या हाका मारणारं यंत्र घरोघर बसवणार नाही, असं अध्यक्षांनी आधीच बजावलं होतं. सहा वर्षांची मेहनत एका दिव्यापायी पाण्यात जाणार म्हणून तिला रडूच यायचं बाकी होतं.

"घरी जाऊन बघू या की," तिचा सहकारी डॉ. इकबाल मुलाणी म्हणाला. "इथं कपाळ बडवून काय होणार?"

दोनशे बारा म्हणजे रंगराव इंगवल्यांचं घर. साखर कारखान्यात छत्तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस. पाणी तापवायच्या घरगुती यंत्राला आता सगळं शहर उष्णकुंभ म्हणे, पण रंगरावांच्या तोंडी अजून बंबच.

"चहा घेतल्याबिगर कामाचं बोलायचं न्हाई," त्यांनी दारातच दम भरला. "बंब ठणठणीत हाय, मॅडम. आजारी तुमचं यंत्र हाय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असली गत तुमची! त्येला बिघाड कळतो तरी कसा?"

"ऐकून, काका," मृण्मयी म्हणाली. "पाण्यातले क्षार कॉइलवर थर धरतात. थराखाली अडकलेलं पाणी लवकर उकळतं आणि आतून खदखद ऐकू येते. कुठं बारीक गळती असेल तर फुसफुस. बिघाड डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी कानाला कळतो."

"ते ठावं हाय. पण चांगला आवाज कुठला, हे त्येला कोण शिकवतं?"

"प्रत्येक घराचा आवाज निराळा," इकबालने सांगितलं. "म्हणून यंत्र पहिले आठ दिवस नुसतं ऐकतं. तो त्या घराचा मूळस्वर. पुढं त्यात फरक पडला की हाक मारायची."

रंगराव एकदम चहाच्या कपात बघू लागले. आतून त्यांच्या पत्नी शालनकाकूंचं हसू फुटलं. "सांगा की आता! का मी सांगू?"

"काय सांगायचं?" मृण्मयीने विचारलं.

"दिवाळीची साफसफाई काढली हिनं," रंगराव पुटपुटले. "बारा दिवसांमागं मी गुपचूप बंब उघडला. टोपलंभर थर निघाला! जन्मभर बॉयलर सांभाळलेल्या माणसाच्या घरात असला बंब? कुठल्या तोंडानं सांगू ओ?"

इकबाल ताडकन उठला. "म्हणजे यंत्र चुकलंच नाही! आठ महिन्यांपूर्वी ते बसलं तेव्हा बंब आजारी होता. ती खदखदच त्याने मूळस्वर धरली. आता तुम्ही बंब बरा केलात, म्हणून ते ओरडतंय!"

मृण्मयीला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. यंत्र खरं होतं! तिने शालनकाकूंना मिठीच मारली. मग पदराने डोळे पुसता पुसता ती थबकली.

"इकबाल, आजारी असताना हा दिवा हिरवाच होता ना?"

"होता. म्हणजे बाकीच्या हिरव्या दिव्यांचाही भरवसा नाही!" इकबाल म्हणाला. रंगरावांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि पान्हे घेतले. "पैलं घर कुणाचं?"

"माझं," मृण्मयी म्हणाली.

तिच्या न्हाणीतल्या उष्णकुंभाला रंगरावांनी कान लावला आणि तिच्या सासूबाईंना ओरडून बटण बंद करायला सांगितलं. "पाणी तापताना झडपेतून थेंब पडाया पायजे. एक न्हाई! झडप चिकटलीया. आत दाब वाढत गेला तर टाकी फुटंल."  रोज सकाळी मृण्मयीची लेक तिथेच उभी राहून अंघोळ करायची. झडप बदलायला आणि आतला थर खरवडायला संध्याकाळ होणार होती. रंगराव तिथेच थांबले, ती दोघं प्रयोगशाळेत परतली.

समिती आली. मृण्मयीने काही लपवलं नाही. "यंत्राला फरक कळतो, तब्येत कळत नाही. आधी जाणत्या कानाने प्रत्येक बंब तपासायचा, मगच यंत्राने मूळस्वर शिकायचा. एवढी चूक आमची."

अध्यक्ष तोंड उघडणार, तोच भिंतीवर आणखी एक दिवा लाल झाला. पाठोपाठ सासूबाईंचा फोन. "अगं, रंगराव म्हणतात काम झालं, आणि हे मेलं यंत्र केकाटतंय!"

"केकाटू दे, आई!" मृण्मयी सगळ्यांदेखत आनंदाने ओरडली. "झाला आपला बंब बरा! चांगलं कडकडीत पाणी काढा आणि रंगरावांना जेवल्याशिवाय सोडू नका!"

इकबालने टाळ्या पिटल्या. अध्यक्ष मात्र भिंतीकडे टक लावून बघत राहिले.

"आमचं घर अठ्ठ्याऐंशी नंबर," ते हळूच म्हणाले. "आठ महिने हिरवाच दिवा. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होतो."

"हो, सर. आत्ताही हिरवाच आहे."

अध्यक्षांनी घाईघाईने खिशातून फोन काढला. "योजना मंजूर धरा. आणि त्या रंगरावांना म्हणावं, जेवायला आमच्याकडे या, पण पान्हे घेऊन. लगेच!"