चौऱ्याहत्तर टक्के कोकण

एकाच आईबाबांची दोन मुलं, आणि दोघांचे पूर्वज मात्र वेगवेगळ्या प्रांतांतले, असं होईल का? २०६१ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत या कोड्यानं माझा फराळ गोड लागू दिला नाही.

झालं असं, की शाळेत आमच्या लाळेची तपासणी झाली. माझा अहवाल आला: कोकण चौऱ्याहत्तर टक्के, कर्नाटक सतरा, गुजरात नऊ. निनाददादाचा अहवाल पाच वर्षांपूर्वीचा. त्यात कर्नाटक साठ, गुजरात चाळीस. कोकणाचा पत्ताच नाही.

"बघ शाल्मली, तुला बोहारणीला जुन्या साड्या देऊन घेतलंय," दादा म्हणाला. कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही, पण चिडवणं काही संपलेलं नाही. एरवी मी त्याला चिमटा काढला असता. त्या दिवशी मला रडूच आलं. खरंच मी या घरातली नसेन तर?

मी तडक मामाआजोबांकडे गेले. आईचे हे मामा देवगडच्या प्रयोगशाळेत डीएनए (शरीर घडवण्याच्या सूचनांची लांबलचक साखळी) वाचतात. दादाही मागोमाग आला, आपला जुना अहवाल घेऊन.

"साखळीवर गावाचं नाव लिहिलेलं नसतं गो," मामाआजोबा म्हणाले. "यंत्र तिचे तुकडे संदर्भगटांशी (पूर्वज कुठले हे ठाऊक असलेल्या माणसांच्या नमुन्यांशी) ताडून बघतं. कुणाशी किती जुळतं, त्यावरून टक्क्यांचा अंदाज बांधतं."

"मग दादाचं कोकण गेलं कुठे?"

"ज्यानं फक्त गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसालाच चाखलाय, त्याला मालवणी मसाला दिला तर?"

"तो म्हणेल, थोडा हा, थोडा तो."

"तेव्हाच्या संदर्भगटांच्या यादीत कोकणचा गटच नव्हता. यंत्रानं आपले शेजारी प्रांत सांगितले."

त्यांनी दादाची जुनी माहिती नव्या यादीशी ताडली. कोकण एकाहत्तर, कर्नाटक अठरा, गुजरात अकरा.

"तरी थोडा फरक आहेच," मी म्हणाले.

"आईबाबांकडून प्रत्येक मुलाला निम्मं निम्मं मिळतं, पण तेच निम्मं नाही. शिवाय हा अंदाज आहे."

"पण आम्ही सख्खे आहोत ना?"

"त्याला गट कशाला? तुम्हा दोघांनाच ताडू." पडद्यावर जवळजवळ निम्मे तुकडे जुळले. "सख्ख्या भावंडांचं असंच असतं. आणि नसतं जुळलं, तरी तू आमचीच होतीस."

माझा जीव भांड्यात पडला. दादा मात्र मटकन खाली बसला.

"तुझ्या अहवालात आपलं कोकण होतं, माझ्यात नव्हतं. मग वाटलं, आणलेला मीच आहे," तो हळूच म्हणाला. "आईला विचारायचा धीर होत नव्हता."

मला त्याची इतकी माया कधीच आली नव्हती. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

मामाआजोबांनी नमुन्यांच्या रिकाम्या नळ्या काढल्या. "अजून कितीतरी गावं यादीत नाहीत. ज्यांची तयारी असेल, त्यांचे नमुने गोळा करायचेत. उद्या कोण येतंय माझ्याबरोबर?"

"आम्ही दोघं," दादा म्हणाला.