दिवा लागतो, ओळख पटत नाही

माऊसच्या पोटातला तांबडा दिवा लागला होता आणि तरीही पडद्यावरचा बाण जागचा हलत नव्हता.

दसऱ्याची संध्याकाळ होती. शाळेच्या खिडकीतून चंद्र दिसत होता, आणि त्याच्या धुळीत एक छोटी गाडी शेवंतीच्या हुकमाची वाट बघत उभी होती. देशभरातल्या शाळांना ती गाडी आळीपाळीने चालवायला मिळे. चाकांच्या रेघांनी चंद्रावर गोपद्म काढायचं, गाईच्या पावलांची रांगोळी, असं शेवंतीने सुचवलं होतं. दिवेलागण सरली की गाडी दुसऱ्या शाळेच्या हाती जाणार होती. कीबोर्डवरून गाडी सरळ जाई, काटकोनात वळे. गोलाई मात्र माऊसनेच यायची. आणि सगळे यंत्रांशी बोलूनच कामं करतात अशा त्या काळात गावात माऊस उरला होता हा एकच.

पाटणे सरांनी शेवंतीच्या आजोबांना, नानांना, बोलावून घेतलं. नानांचा सगळा जन्म उपग्रहांच्या नियंत्रणकक्षात गेला होता. संगणकच जुना झालाय, त्यातलं लिनक्स (संगणकाचं सगळं कामकाज सांभाळणारी, कुणालाही खुली असलेली प्रणाली) बदलायला हवं, असं सरांचं म्हणणं पडलं.

नाना खुर्ची ओढून शांतपणे बसले. "उपग्रह गप्प झाला की आम्ही त्याला बदला म्हणत नसू, सर. बोलणं कुठे तुटलं ते आधी शोधत असू."

शेवंतीच्या डोळ्यांत पाणी जमलं होतं. ती म्हणाली, "पण नाना, दिवा तर लागलाय. मग तो जिवंत आहे ना?"

"जिवंत आहे गं. पण दारात उभा राहिला म्हणून कुणी पाहुणा होतो का? नाव सांगावं लागतं."

मग त्यांनी समजावलं. यूएसबीची तार दिसते एक, पण आत चार असतात. कडेच्या दोन वीज देतात, मधल्या दोन बोलणं नेतात. माऊस जोडला की संगणक विचारतो, तू कोण, कुणी बनवलं तुला? उत्तर आलं की तो योग्य ड्रायव्हर (त्या वस्तूशी कसं बोलायचं हे जाणणारा छोटा प्रोग्रॅम) कामाला लावतो. मगच बाण हलतो.

कीबोर्डवरून नानांनी शेवंतीला एक आज्ञा टाइप करायला सांगितली. ओळख पटलेल्या वस्तूंची नावं पडद्यावर आली. त्यात माऊस नव्हता. मग तिने कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) नोंद उघडली. माऊस काढून पुन्हा लावला. एकही नवी ओळ उमटली नाही. संगणकाच्या दुसऱ्या खाचेत लावला, तसंच. मग त्याच खाचेत सरांचा पेनड्राइव्ह लावला, आणि ओळी भराभर धावल्या.

शेवंती थबकली. "म्हणजे खाच बरी, लिनक्सही बरं. वीज पोचतेय, म्हणजे कडेच्या तारा बऱ्या." ती हळू बोलू लागली. "अडलंय ते मधल्या दोघींत."

नानांनी भिंग पुढे केलं. माऊसच्या तारेच्या टोकाशी, पत्र्याच्या चौकटीत, सोनेरी पट्ट्यांवर लालपिवळं काहीतरी वाळून बसलं होतं. अगदी मधोमध.

शेवंतीचा चेहरा उतरला. काल खंडेनवमी. घराघरात विळे, पाने-पकडी, शिवणयंत्रं पुजली गेली, तशी तिने शाळेत माऊसची पूजा केली होती. वरून हळदकुंकू लावून मन भरेना, म्हणून काडीने ओलं हळदकुंकू तारेच्या टोकाच्या आतही लावलं. आणि टिळा तर मध्येच लावायचा असतो.

"मीच बिघडवला," ती म्हणाली.

"तू मान दिलास," नाना म्हणाले. "फक्त त्याच्या तोंडावर हात ठेवून दिलास, शेवंते."

सरांना हसू आवरेना. तीही रडता रडता हसली. मऊ कापडाच्या कोपऱ्याला स्पिरिट लावून तिने पट्ट्या हलकेच पुसल्या, पूर्ण वाळू दिल्या. मग श्वास रोखून टोक खाचेत सारलं. नोंदीत नवी ओळ उमटली. मागोमाग माऊसचं नाव. बाण सरकला.

उजेड सरत आला होता. ठरलेल्या ओळीतलं एकच पाऊल काढण्याएवढा वेळ उरला. सरांनी घाई करायला सांगितलं, नानांनी त्यांना खुणेनं गप्प केलं. शेवंतीचा हात हळू फिरला. तिकडे दूर, चंद्राच्या राखाडी अंगणात, चाकं गोल गोल वळली.

घरी जाताना ती खाली मान घालून चालली. एकच उमटलं, इतकंच म्हणाली.

नाना चालता चालता थांबले. "तुझी आई रोज सकाळी जुनी रांगोळी पुसते, तेव्हा नवी काढते. तिथे वारा नाही, पाऊस नाही. तुझं पाऊल पुसायला कुणी नाही, कितीतरी काळ."

शेवंतीने मान वर केली. इथून काही दिसणार नव्हतं, तिला ठाऊक होतं. तरी ती बघत राहिली.

"मग मी मोठी होऊन तिथे गेले, नाना," ती म्हणाली, "तर जपून उतरावं लागेल."