केसरनं कोरी सोडलेली जागा

शिवदास मास्तरांनी जन्मात थाप मारली नाही. त्यामुळे ही हकिगत खरी मानण्यावाचून गत्यंतर नाही.

१९३२ सालचा माघ. थळची समुद्रालगतची शाळा. टळटळीत दुपार.

मास्तर पोरांना ओसरीवर बसवून चित्रकला शिकवत होते.

"लांबचं लहान, जवळचं मोठं. खांदेरी एवढा मोठा किल्ला, पण इथून अंगठ्याएवढा दिसतो की नाही? आणि पुढची वस्तू मागचीला झाकते. झाकलेलं काढायचं नाही. दिसतं तेवढंच काढा!"

केसर मास्तरांची लाडकी. नऊ वर्षांची. तिचा बाप बुधाजी दिवाळीनंतर होडीसकट बुडाला होता. देह काही मिळाला नव्हता.

तिनं समुद्र झकास काढला. पण पाण्यात मधोमध बोटभर जागा कोरी...

माणसाच्या आकाराची.

"हे का सोडलंस गो?"

"तितं कोन तरी उबा हाय, मास्तर. मागचं दिसत न्हाय."

मास्तर हसले. पोरींच्या डोक्यात काय येईल, नेम नाही!

दुसऱ्या दिवशी कोरी जागा वीतभर झाली. होड्या अर्ध्याच.

जवळचं मोठं... मास्तरांनीच शिकवलं होतं.

केसरचं अंग तापलं होतं. मास्तर म्हणाले, "घरी जा, पोरी."

"घरातनं बी दिसतो."

तिसऱ्या दिवशी खारा वारा सुटला होता. सगळ्यांचे कागद फडफडत होते.

केसरचा तेवढा हलत नव्हता... समोर कुणी आडोसा केल्यासारखा.

कागद पूर्ण कोरा.

"काढलं नाहीस?"

"काडलंय, मास्तर."

मास्तर समजले, तो आता तिच्या अगदी समोर येऊन उभा होता. पळावंसं वाटलं. पण पोर डोळ्यांदेखत जाऊ द्यायची? ते धावले आणि समुद्राकडे पाठ करून तिच्यासमोर उभे राहिले.

पाठीला काहीतरी टेकलं... गार. ओलं.

"आता काढ!" ते ओरडले.

केसरनं काढलं. मधोमध मास्तर, दोन्ही बाजूंना होड्या, लाटा, खांदेरी. तसूभर जागा कोरी नव्हती. तिच्या कपाळावर घाम आला, ताप उतरू लागला.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "गेला ना?"

"न्हाय, मास्तर. तुमच्या मागं हाय. झाकलेलं काडायचं न्हाय ना?"

मास्तर पुढं तीस वर्षं जगले. केसर दिसली की मान खाली घालून निघून जात.

अजून आहे का, एवढं तिला विचारायचं धैर्य त्यांना शेवटपर्यंत झालं नाही.