बातम्या वाचणारी आणि बेकरीवाला

ती मानसोपचाराच्या दवाखान्यातून बाहेर पडत होती आणि तो आत शिरत होता. दारातच अशी टक्कर झाली की तिच्या हातातली नंबराची चिठ्ठी पायरीवर जाऊन पडली.

"झालं का तुमचं?" चिठ्ठी उचलून देत त्यानं विचारलं.

"हो... म्हणजे, नाही. मी चाललेय."

त्यानं नंबर वाचला. "नऊ? दारावरच्या पाटीवर तर आत्ता आठवा आहे. पहिलीच वेळ ना?"

ती रेडिओवर सकाळच्या बातम्या वाचायची. तीन महिन्यांपूर्वी वाचता वाचता छाती धडधडायला लागली, घशाला कोरड पडली आणि शब्दच फुटेना. तेव्हापासून झोप उडाली, अन्नाची चव गेली, पांघरुणातून बाहेर यावंसं वाटेना. शेवटी वहिनीनंच नंबर लावला आणि तिला जबरदस्तीनं धाडलं.

"आत... काय करतात हो?" तिनं हळूच विचारलं.

"विचारतात. झोप, भूक, कधीपासून. जगणं नकोसं वाटतं का, हेही. खरं ते सांगायचं. मी तर पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंचा कागदी रुमालांचा अख्खा डबा संपवला."

"तुम्ही?" त्याच्या रुंद खांद्यांकडे, कोपराला लागलेल्या पिठाकडे ती बघतच राहिली.

"का? बेकरीवाल्यांनी रडायचं नसतं?"

तिला हसू आलं... कितीतरी दिवसांनी. आणि ती आत गेली.

डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. "हे आजारपण आहे, आळस नव्हे," त्या म्हणाल्या. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, दर गुरुवारी समुपदेशनाला यायचं.

दुसऱ्या गुरुवारी बाकावर तो शेजारी येऊन बसला, तर ही रडवेली. "पोटात ढवळतंय, गुण काडीचा नाही. मी गोळ्या बंद करतेय."

"मला नका सांगू. बाईंना सांगा. आत्ता."

"भारीच हुकूम सोडता की!"

"पिठावर चालतो तेवढा. तुमच्यावर कुठला चालायला!"

बाईंनी गोळी कमी करून दिली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी तिला चक्क कडकडून भूक लागली. ती थेट त्याच्या बेकरीत गेली आणि उभ्या उभ्या दोन गरम पाव संपवले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणालाच कळलं नाही.

"मला ना... तू..." एका गुरुवारी तिनं सुरुवात केली.

"थांब," तो लाजला, पण ठाम होता. "मी तुझी गोळी नाही. आधी बरी हो, मग ठरव. मी कुठे पळून जात नाही."

ती आठवडाभर रुसली. मग कामाला लागली. समुपदेशनात ठरल्याप्रमाणे आधी रिकाम्या स्टुडिओत नुसती बसली. मग ध्वनिमुद्रणासाठी वाचलं. चौथ्या महिन्यात पुन्हा थेट बातम्या.

तिसऱ्या बातमीला छाती धडधडलीच. तिनं पाय जमिनीवर घट्ट रोवले, लांब श्वास सोडला... आणि पुढचं वाक्य वाचलं. मग त्याच्या पुढचं. दहा मिनिटं पुरी झाली. काचेपलीकडचा तंत्रज्ञ उभा राहून टाळ्या वाजवत होता.

ती धावतच बेकरीत पोचली. गिऱ्हाइकांची रांग, त्याचे कोपरापर्यंत पिठाचे हात, आणि डोळे ओले.

"तिसऱ्या बातमीला अडखळलीस."

"ऐकलंस?"

"सगळ्यांना गप्प बसवून!"

"गोळ्या अजून काही महिने आहेत," ती धापा टाकत म्हणाली. "पण बाई म्हणाल्या, आता निर्णय घ्यायला हरकत नाही."

"मग घे की गं पटकन!" रांगेतल्या एक आजी करवादल्या. "आम्हाला पाव हवेत!"

"मला हा हवाय!" तिनं ठणकावून सांगितलं, बातम्या वाचणाऱ्या खणखणीत आवाजात.

तो काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आला. पिठाचं भान कुणाला होतं? तिच्या निळ्या ड्रेसवर पाठभर पांढरे पंजे उमटले, आणि रांगेतल्या आजींनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली.