जाळीतून निसटलेली चीर

त्या दिवशी वारा अगदी पडला होता, पोरांनो. आभाळ भरलेलं, पण थेंब नाही. कपडे अंगाला चिकटत होते. ही ऐकीव गोष्ट नाही बरं, माझ्या ओळखीतल्या एका इंजिनिअरची आहे.

त्याचं काम असं. तापलेली जाड नळी दोन फिरत्या रोलरमध्ये दाबली, की तिचा लांब पोकळ शाफ्ट होतो. कारखान्यात तो करण्याआधी हा सगळा खेळ कॉम्प्युटरात करून बघायचा. कॉम्प्युटर त्या शाफ्टवर जाळी टाकतो, मासे धरायला टाकतात तशीच. जाळीची घरं बारीक ठेवली तर चीर सापडते. मोठी केली, की निसटते.

त्या दिवशी शाफ्टला आतल्या अंगाने चीर सापडली. साहेब म्हणाले, "उद्या सकाळी शाफ्ट पाहिजे. नाहीतर तुझी खुर्ची दुसऱ्याला."

याने घरं मोठी केली. चीर गेली.

संध्याकाळी शेजारच्या मिस्त्रीने गॅलरीतून हाक मारली. रोलिंगच्या मशीनवर तोच उभा राहायचा. "काय इंजिनिअर, पास झाला ना शाफ्ट? नाहीतर आमच्या बायकोला दुसरा नवरा बघावा लागेल!"

"झाला की," हा हसत म्हणाला.

सकाळी शाफ्ट फाटला. लालभडक तुकडा मिस्त्रीच्या छातीत बसला.

चौकशीत हा म्हणाला, "मिस्त्रीनेच घाई केली." मिस्त्रीच्या बायकोच्या तोंडावर म्हणाला. तिने मान खाली घातली.

महिना गेला. रविवारची रात्र, नऊचा सुमार. हा घरी पुढचा शाफ्ट तपासत बसला होता. पुन्हा चीर. पुन्हा याने घरं मोठी केली...

टक. टक.

मिस्त्रीची ती सवय होती. गार झालेला शाफ्ट हातोडीने ठोकायचा आणि कान द्यायचा. धड असला तर खणखणतो. चिरलेला बसका वाजतो.

याने कॉम्प्युटर बंद केला.

टक. टक.

भिंतीला कान लावला... टक. म्हणजे पलीकडून मिस्त्रीची बायकोच ठोकतेय तर! तणतणत गेला, दार बडवलं.

"वहिनी, रात्रीचं भिंतीवर काय ठोकताय? झोपू द्याल की नाही?"

ती उंबऱ्यात उभी. नुसती ऐकत राहिली...

मग जरा पुढे वाकली.

"भिंत नाही वाजत, भाऊजी. तुमची छाती वाजतेय... आणि आवाज बसका आहे."