तीस टनांखालचा वाक

वसमतच्या भंगाराच्या दुकानात दोन हात एकाच वेळी लोखंडी चॅनलच्या एकाच जोडीवर पडले. एक ठिणग्यांनी डागाळलेला. दुसऱ्यात मोजायची टेप.

"मॅडम, हे मी ट्रॉलीसाठी बघून ठेवलंय."

"बघून ठेवलंय... मोजून नाही ना?" प्रतिक्षाने टेप लावली. आठ इंच, बरोबर. "मला प्रेसच्या बीमला हेच दोन पाहिजेत. ट्रॉलीला सहा इंची पुरतं."

"तुमाला कसं माहीत?"

"हिशेब करून."

तो हसला. हळद शिजवण्याचे दिवस होते, वाऱ्याला तिचा कडवट-गोड वास होता. प्रतिक्षाला उगाच वाटलं, हा वास आता बरेच दिवस लक्षात राहणार.

त्याचं नाव वैजनाथ, स्वतःचं वेल्डिंगचं दुकान. चॅनल त्याने सोडले, पण अट घातली – जोडकाम त्याच्याच दुकानात. ती लगेच हो म्हणाली. तिच्याकडे वेळच नव्हता. गॅरेजवाल्या नासेरभाईंना गाड्यांचे बेअरिंग-बुश दाबून बसवायला तीस टनी प्रेस हवी होती, आणि डिप्लोमा झालेल्या लेकीला आप्पांनी ही एकच संधी दिली होती. प्रेस पसंत पडली तर गावातच कारखाना. नाही तर सोमवारी चाकणच्या नोकरीवर.

पहिल्याच दिवशी वाजलं.

"खांब एवढे बारीक? तीस टन पेलायचेत त्यायला!"

"पेलायचे नाहीत. जॅक खालचा बीम दाबतो, तेवढ्याच जोराने वरचा बीम वर ढकलतो. मधले खांब नुसते ताणले जातात." त्याच्या खांद्यावरचा गमछा तिने ओढून घेतला, त्याचा वेढा केला, आत दोन मुठी घालून एक वर, एक खाली रेटली. गमछा ताठ झाला. "हे खांब. बीम अडकवायच्या पिनांच्या भोकांनी लोखंड कमी होतं, ते वजा करून उरेल त्यावर माप. समजलं?"

"गमछ्याचं समजलं," तो तिच्याकडेच बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भोकं पाडायला सोपं म्हणून त्याने चॅनल आडवे पाडून जोडलेले दिसले.

"कापा."

"अवो, पक्कं वेल्डिंग झालंय!"

"आडवे तेरापट वाकतील. उभे करा."

वैजनाथने तिच्याकडे पाहिलं... आणि कटर उचललं. सगळं गाव त्याला वैजूभाऊ म्हणे. प्रतिक्षा मात्र नुसतं वैजनाथ म्हणायची.

"मग उभे किती वाकतील?" बीम लागल्यावर त्याने विचारलं.

"पॉइंट तीन मिलीमीटर."

त्याने बीमवर तळवा फिरवला. "अर्ध्याच्या वर जाईल."

"काहून?"

"आखूड बीम असाच करतो. हाताला कळतं."

"हाताला!" ती खळखळून हसली.

शनिवारी दुपारी नासेरभाई आले. बीमचा वाक मोजायला प्रतिक्षाने डायल लावला. वैजनाथ जॅकचा दांडा मारू लागला. दहा टन. वीस. तीस. काटा पॉइंट अठ्ठावन्नवर थांबला.

"बेटा," नासेरभाई हळू म्हणाले, "कागज पे तीन, काँटे पे छे? हिसाबच चुकला तो मेरे लोगां इसमें हाथ कैसे डालेंगे?"

वैजनाथने दाब सोडला. काटा शून्यावर आला. "बघा भाई, परत आला का न्हाई जागेवर? घ्या की बिनधास्त!"

"नाही," प्रतिक्षा म्हणाली. "का ते कळल्याशिवाय मी देणार नाही. मला अर्धा तास द्या."

पालथ्या डब्यावर बसून तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडलं. घामाचा थेंब कागदावर पडला, आकडा पसरला. तिने तो परत लिहिला. वैजनाथने पंखा तिच्याकडे वळवला.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला ती उठली.

"लांब बीम नुसता वाकतो. आखूड, उंच बीम वाकतो आणि आतून कातरल्यासारखा सरकतोही. ते सरकणं मी धरलंच नव्हतं. तेवढंच पॉइंट अठ्ठावीस निघतं. लोखंडावरचा ताण मर्यादेत आहे, भाई. चूक माझी, बीमची नाही." तिने वैजनाथकडे बोट केलं. "यांचा हात बरोबर होता."

नासेरभाईंनी कागद उलटसुलट पाहिला. "अपनी गलती खुद ढूँढ के बोलनेवाले कम मिलते. प्रेस मेरी." मग दोघांकडे एकदा बघून ते म्हणाले, "चाय मैं खुदच लाता. टाइम लगेगा."

ते गेले. दुकानात आता दोघंच होते.

"मग... चाकण रद्द?" वैजनाथने विचारलं.

"कारखान्यासाठी थांबतेय."

"कारखान्यासाठीच?"

तिने डायल काढून पेटीत ठेवला. सावकाश.

"मला तुमच्यावानी मांडून सांगता येत न्हाई," तो म्हणाला. "पण तुमी माझ्यासाठी बी थांबा. आता हे खरं का खोटं, कुठं डायल लावून बघणार?"

"नाही बघणार." तिने मान वर करून थेट त्याच्याकडे पाहिलं. "उद्या सकाळी घरी या. आप्पांसमोर हेच सांगा, अस्संच. ते चिडले तर मी बोलीन."

"आन् न्हाई चिडले तर?"

"तरी मीच बोलीन," प्रतिक्षा म्हणाली. "तुमी फक्त या."